घड्याळासाठी दोन वर्षं थांबले, आता म्हणतात आधी दुसरं काहीतरी घ्या

भूलतज्ज्ञ_धंतोली | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात साठलंय, आज लिहून टाकते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी नागपुरात भूलतज्ज्ञ आहे. इथल्या मेडिकल कॉलेजलाच शिकले, तिथेच एमडी केलं आणि तेव्हापासून धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत काम करते. पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतील. माझ्या मनगटावर आजही बाबांनी एमबीबीएसच्या प्रवेशाला दिलेलं टायटन आहे. दर दोन वर्षांनी बर्डीवर जाऊन सेल बदलायचा, एवढाच त्याचा खर्च. आता मॉनिटर सगळं दाखवतात, तरी रिकव्हरीत पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून सेकंद काट्याकडे बघायची सवय काही गेली नाही. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. रात्री वॉर्डात दिवे मंद असतात, तेव्हा या छोट्या सोनेरी डायलवर काटा दिसत नाही. म्हणून मला काळ्या डायलचं, अंधारात काटे चमकणारं, स्टीलचं डायव्हर (पाणबुड्यांसाठी बनवतात तसं) घड्याळ हवं होतं. स्विस. एकच घ्यायचं, पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून घ्यायचं, आणि नंतर मुलीला द्यायचं.

२०१८ मध्ये त्यासाठी वेगळी आरडी उघडली. ऑगस्ट २०२३ मध्ये कॉन्फरन्सला मुंबईला गेलो, तेव्हा अधिकृत शोरूममध्ये जाऊन आले. (नाव लिहीत नाही. इथला नियमही तसाच आहे आणि मला भांडण नावाशी नाही.) मी घड्याळाबद्दल विचारत होते आणि समोरचा मुलगा उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देऊन राहिला होता. "सर, मॅडमसाठी आपल्याकडे छान मदर ऑफ पर्लमध्ये आहे." नवऱ्याने दोनदा सांगितलं, घेणार त्या आहेत, पैसे त्यांचे आहेत. काचेत ठेवलेलं घड्याळ हातात मागितलं तर म्हणाला, हे फक्त दाखवायला आहे, विकायचं नाही. मनगटावर घालून बघू दिलं, पण फोटो काढू नका म्हणाला.

१ लाख रुपये ॲडव्हान्स भरले. पावतीवर मॉडेल नंबर आहे. "आठ-दहा महिन्यांत येईल" असं तोंडी सांगितलं आणि नंतर व्हॉट्सॲपवर "मार्च-एप्रिलपर्यंत होऊन जाईल मॅडम" असा मेसेजही आला. म्हणजे मार्च-एप्रिल २०२४. जानेवारी २०२४ ला किंमत वाढली, जानेवारी २०२५ ला पुन्हा. विचारलं तर म्हणाले, ज्या दिवशी घड्याळ मिळेल त्या दिवशीची किंमत लागेल.

आणि आता दिवाळीनंतर मॅनेजरचा फोन. "मॅडम, तुमचं प्रोफाइल थोडं कमी पडतंय. आमच्याकडून एखादा दागिना किंवा दुसऱ्या ब्रँडचं एखादं घड्याळ घेतलंत तर आम्हाला तुमचं नाव पुढे करता येईल." किती रुपयांचं, असं विचारलं. म्हणाले, साधारण तेवढ्याच रकमेचं.

म्हणजे आठ लाखांच्या वस्तूसाठी मला नको असलेली आठ लाखांची दुसरी वस्तू घ्यायची. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पैसे जास्त पडतात याचं दुःख नाही. रोज सकाळी सहाला घराबाहेर पडून जमवलेले पैसे घेऊन मी दारात उभी आहे आणि मलाच विचारतात, तुम्ही आमच्या लायक आहात का?

हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं का? आणि किमती इतक्या का वाढून राहिल्या आहेत?

---

सदर_कट्टा | रविवार, रात्री १०:१५

मॅडम, वाचून वाईट वाटलं. माझ्या साळ्याला हैदराबादला असंच सांगितलं होतं. त्याने घेतलं बरं का दुसरं, ठेवून दिलंय कपाटात, अन् पहिलं अजून आलं नाही. आपल्या इतवारीच्या सराफा ओळीत जाऊन बघा. दहा ग्रॅमची माळ घ्या नाही तर दोन किलोची चांदी, दुकानदार आधी बसा म्हणते, पाणी देते, चहा सांगते. घेतलं नाही तरी उठताना "या बरं" म्हणते.

---

चावीचं_घड्याळ | रविवार, रात्री ११:४०

ताई, किमतीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चाळीस वर्षं हा छंद आहे, तेवढं कळतं.

कारणं तीन-चार आहेत आणि त्यातली दोन खरी आहेत. पहिलं, स्विस फ्रँक. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा बांधलेला दर एका सकाळी सोडून दिला आणि फ्रँक चढला. त्याआधी एक फ्रँक आपल्याला साठ-बासष्ट रुपयांना पडायचा, आज शंभराच्या वर आहे. कंपनीने एक पैसा वाढवला नसता, तरी आपल्यासाठी घड्याळ दीडपटीहून महाग झालं असतं. दुसरं, सोनं. २०२० मध्ये दहा ग्रॅम पन्नास हजारांच्या आसपास होतं, २०२५ मध्ये लाखाच्या पार गेलं. सोन्याची घड्याळं महागणारच.

पण ताईंना हवं आहे ते स्टीलचं. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते कंपन्यांच्या विचारात आहे. रोलेक्सच्या बिनतारखेच्या सबमरीनरचं उदाहरण घ्या, कारण त्याचे आकडे जगजाहीर आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये नवं मॉडेल आलं तेव्हा अमेरिकेत कर सोडून ८,१०० डॉलर, २०२४ मध्ये ९,१००. डॉलरमध्ये बारा टक्के. त्यात रुपया त्र्याहत्तरवरून त्र्याऐंशीवर गेला, तो धरा. सहा लाखांच्या आतलं साडेसात लाख झालं, साडेतीन वर्षांत. त्याच पोलादाचं, त्याच कारखान्यातलं.

आता मोठं चित्र. २०११ मध्ये स्वित्झर्लंडने जवळपास ३ कोटी घड्याळं निर्यात केली, सुमारे १९ अब्ज फ्रँकची. २०२३ मध्ये घड्याळं १ कोटी ७० लाखांच्या आसपास, आणि रक्कम २६ अब्जांच्या वर. घड्याळं निम्म्याजवळ आली आणि गल्ला वाढला. हे आपोआप होत नाही. स्वस्तातलं गिऱ्हाईक सोडायचं, महागातलं धरायचं, हे ठरवून केलेलं आहे.

याचं मूळ १९६९ मध्ये आहे. त्या वर्षी २५ डिसेंबरला जपानच्या सेइकोने पहिलं क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) मनगटी घड्याळ बाजारात आणलं. चावीच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इतकं स्वस्त, की स्विस घड्याळ उद्योगातले नव्वद हजार कामगार तीस हजारांच्या आसपास आले. जे कारखाने वाचले त्यांना एक गोष्ट कळली: वेळ दाखवण्यात आपण आता जिंकू शकत नाही. मग काय विकायचं? कारागिरी, इतिहास आणि "हे सगळ्यांकडे नाही" ही भावना. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला मनापासून आदर आहे. तिसरी गोष्ट विकायची तर कुणालातरी नाही म्हणावंच लागतं. तुम्हाला जे ऐकावं लागलं ते त्या "नाही"तूनच आलं आहे.

रोलेक्स वर्षाला दहा लाखांहून जास्त घड्याळं बनवते असा जाणकारांचा अंदाज आहे. पाटेक फिलिप सत्तर हजारांच्या आसपास. पाटेककडे माल कमी आहे हे समजू शकतो. दहा लाख घड्याळं बनत असताना काचेत "फक्त दाखवायला" ठेवणं मला पटत नाही.

---

मिहान_शिफ्ट | सोमवार, पहाटे १:०५

शिफ्टमधून लिहितो. या सगळ्यात आमच्यासारख्यांचाही हात आहे, ते कबूल करायला पाहिजे. २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे पैसे साचले होते, यूट्यूबवर जो तो सांगत होता की घड्याळ म्हणजे गुंतवणूक. पाटेकने त्याच वर्षी नॉटिलस ५७११ बंद केलं. पस्तीस हजार डॉलरच्या आसपास छापील किंमत आणि सेकंडहँड बाजारात लाखाच्या पुढे. ते बघून सगळे वेडे झाले. मी फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्रे मार्केटमधून (म्हणजे अधिकृत नसलेल्या विक्रेत्याकडून) एक स्टीलचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) छापील किमतीच्या पावणेदोन पट देऊन घेतलं. वर्षभरात विकू असं डोक्यात होतं. मार्चपासून बाजार जो उतरला तो उतरतच गेला. विकलं तेव्हा सव्वादोन लाख बुडाले. एवढ्या दिवसांत ते मी पाच वेळाही घातलं नव्हतं, ओरखडा पडेल म्हणून.

डॉक्टरताईंना खरंच वापरायला हवं आहे आणि त्यांना मिळत नाही, कारण आमच्यासारखे लोक रांगेत पुढे होते. माफ करा.

---

आठ_वर्षं_काउंटरवर | सोमवार, सकाळी ८:३०

मी इथे सहसा लिहीत नाही. पण काउंटरच्या त्या बाजूला आठ वर्षं उभा होतो, मुंबईत आणि पुण्यात. आता नागपुरात परत आलोय, दुसरा धंदा करतो. त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

आधी आमची बाजू. ज्या मॉडेलसाठी सगळे येतात, त्याचे शोरूमला वर्षाला मोजके नग येतात. किती येतील, कधी येतील हे कंपनी ठरवते. नाव शंभर जणांचं असतं. मिहानवाल्या भावाने सांगितलं तेच खरं: घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सेकंडहँड साइटवर चढवलं, असे लोक असतात. सीरियल नंबरवरून कंपनीला कळतं आणि ओरडा शोरूमला बसतो, कधी कधी पुढचा माल कमी होतो. म्हणून आम्हाला सांगितलेलं असायचं, गिऱ्हाईक ओळखून द्या. नवीन घड्याळाच्या पट्ट्यावरचं प्लास्टिक दुकानातच काढायचं आणि वॉरंटी कार्डावर नाव घालायचं, ते याचसाठी.

इथपर्यंत मला त्यात वावगं वाटत नाही. आता दुसरी बाजू. "प्रोफाइल" हा शब्द कंपनीच्या कुठल्याही कागदावर मी पाहिला नाही. तो दुकानातला शब्द आहे. ज्या दुकानात चार ब्रँड आणि दागिने असतात, तिथे न खपणारा माल असतोच. महिन्याचं टार्गेट असतं. हवं असलेलं घड्याळ हे हुकमी पान, त्याच्या आडून बाकीचा माल काढायचा. मी स्वतः एका गृहस्थांना पावणेतीन लाखांच्या कानातल्या कुड्या विकल्या आहेत. त्यांच्या घरी त्या घालणारं कुणी नव्हतं, ते मला ठाऊक होतं. त्यांना घड्याळ मिळालं, पण त्यांचा चेहरा मी विसरलो नाही.

आणि बाईंकडे न बघता नवऱ्याशी बोलणं: हो, हे होतं. आम्हाला कुणी असं शिकवलं नव्हतं, पण कुणी हटकलंही नाही. ताई, तुमच्यासमोर उभा असलेला मुलगा मी नव्हतो, तरी असाच मी अनेकदा वागलोय.

---

भूलतज्ज्ञ_धंतोली | सोमवार, दुपारी २:२०

काउंटरवाले दादा, तुम्ही लिहिलंत हे मोठं आहे. मनापासून आभार.

पण एक सांगा. माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा मलाही तो कोण, काय, आधी कुठली औषधं घेतो, सगळं विचारावं लागतं. ते त्याच्या भल्यासाठी असतं आणि का विचारते ते मी त्याला सांगते. मी जर म्हणाले, "भूल देते, पण आधी माझ्या ओळखीच्या दुकानातून चष्मा घेऊन या," तर मेडिकल कौन्सिल माझं काय करेल? मला कुणी विचारलं असतं की घड्याळ कशासाठी हवं, विकणार तर नाही ना, तर मी आनंदाने सांगितलं असतं. लिहूनसुद्धा दिलं असतं. प्लास्टिक काढा, कार्डावर नाव घाला, पाहिजे तर पाच वर्षं कार्ड तुमच्याकडे ठेवा. दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

---

लक्ष्मीनगर_जुनं | सोमवार, दुपारी ४:००

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आपल्या विदर्भात कापसाला, सोयाबीनला भाव मिळत नाही आणि आपण आठ लाखांच्या घड्याळाच्या वागणुकीवर चर्चा करतोय. हे मला खटकतं.

---

भूलतज्ज्ञ_धंतोली | सोमवार, दुपारी ४:४५

राग नाही. माझं माहेर काटोलचं आहे, भाव पडणं म्हणजे काय ते घरात पाहिलंय. व्यापारी म्हणायचा, "संत्रा घेतो, पण माझ्याकडूनच खत घ्या." बाबा तेव्हाही भांडायचे. माझ्या लेखी ही तीच गोष्ट आहे. मोठ्या रकमेची आहे म्हणून बरोबर होत नाही, एवढंच म्हणायचंय.

---

वकील_सिव्हिल_लाइन्स | सोमवार, रात्री ९:१०

मॅडम, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो, कारण कायद्याने तुमचंच म्हणणं उचलून धरलेलं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४१). त्यात रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिसची व्याख्या आहे. सोप्या मराठीत: एक वस्तू मिळण्यासाठी अगोदर दुसरी वस्तू विकत घ्यायची अट घालणं हा त्या व्याख्येत थेट बसणारा प्रकार आहे. आणि त्याच कलमात त्याच्या आधीचा मुद्दाही तुमच्या कामाचा आहे: कबूल केलेल्या मुदतीपेक्षा उशीर केला आणि त्यामुळे किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली, तर तेही यातच मोडतं. तुमचा तो "मार्च-एप्रिलपर्यंत" वाला व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढा, पण फोनमधला मूळ मेसेज पुसू नका.

लोक म्हणतील, दुकानदाराला कुणाला विकायचं ते ठरवायचा हक्क आहे. नुसतं दारात जाऊन विचारणाऱ्याच्या बाबतीत हा वाद होऊ शकतो, तो ग्राहक ठरतो का इथून सुरुवात होईल. तुमचं तसं नाही. तुम्ही १ लाख भरलेत, पावती आहे, मॉडेल नंबर आहे.

करायचं काय, तर आधी लेखी पत्र. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. त्यात तीन गोष्टी विचारा: घड्याळ कधी देणार, कोणत्या किमतीला देणार, आणि दुसरी खरेदी ही अट आहे का, हो किंवा नाही. फोनवर काही बोलू नका, फोन आला तर "हे मेलवर लिहून पाठवा" एवढंच म्हणा. अशा अटी कुणी लिहून देत नाही, आणि तिथेच त्यांची अडचण होते. पंधरा दिवस द्या. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे नागपुरातच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून.

अजून एक, इतरांसाठी. ॲडव्हान्स देताना पावतीवर मुदत, किंमत आणि "न मिळाल्यास पूर्ण परतावा" हे तिन्ही लिहून घ्या. दोन लाख किंवा त्यावर रोख देऊ नका, आयकर कायद्याला ते चालत नाही. आणि घड्याळ दहा लाखांवरचं असेल तर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (दुकानदाराने विकतानाच गोळा करायचा आयकर) घेतात. तो जात नाही, रिटर्नमध्ये जमा दिसतो. दुकानदार वेगळा "लक्झरी चार्ज" म्हणून घेत असेल तर विचारा.

---

पुणेकर_सध्या_नागपूर | सोमवार, रात्री ९:५५

वकीलसाहेब, फार उपयोगी. एक भर: भारत आणि युरोपातल्या एफ्टा गटाच्या देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, स्वित्झर्लंड त्यात आहे. स्विस घड्याळांवरची वीस टक्के मूळ कस्टम ड्युटी सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची आहे. थांबू शकणाऱ्यांनी थांबावं का?

---

चावीचं_घड्याळ | सोमवार, रात्री १०:३०

ड्युटी सरकार कमी करेल, छापील किंमत कंपनी ठरवते. दरवर्षी थोडी थोडी ड्युटी उतरेल आणि दर जानेवारीला थोडी थोडी किंमत चढेल. ज्याला घालायचं आहे त्याने ड्युटीसाठी सात वर्षं थांबू नये.

---

इतवारीकर | मंगळवार, दुपारी १२:१५

आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. सगळे घेण्याबद्दल बोलून राहिले, घेतल्यानंतरचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

मागच्या महिन्यात एक रिटायर प्राध्यापक आले. चांगलं स्विस ऑटोमॅटिक, वीस वर्षं वापरलेलं, दिवसाला चार मिनिटं मागे पडत होतं. उघडलं. मागचं झाकण काढल्यावर वास येतो बघा जुन्या तेलाचा, त्यावरूनच समजते की सर्व्हिसिंग झालेली नाही. रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) मोकळा होता, पण तेल वाळून चिकट झालेलं, आणि एक चाक झिजलेलं. माझ्या वडिलांचं भिंग अजून मी वापरतो, त्यातून दात मोजले, दोन दातांची टोकं गोल झाली होती. एक चाक पाहिजे. बाकी धुणं, तेल, टाइमिंग मी दोन दिवसांत करतो.

ते चाक मला मिळत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या पार्टवाल्याकडे मिळून जायचं. आता बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देणं बंद केलं आहे, फक्त त्यांच्या सेंटरला. मी त्यांना सांगितलं, कंपनीत पाठवा. त्यांना एस्टिमेट आलं छप्पन्न हजार, त्यात डायल अन् काटे बदलणं "आवश्यक" लिहिलेलं. डायल चांगली होती हो! थोडी पिवळी पडली होती, बस. अन् जुनी डायल परत द्या म्हटलं तर देत नाही म्हणाले. ते गृहस्थ म्हणे, ही डायल मी वीस वर्षं बघून राहिलो, ती काहून बदलू? शेवटी मी दुसऱ्या एका मेलेल्या मशीनमधून चाक काढून बसवलं. सध्या दिवसाला दहा सेकंद पुढे चालते.

आता हे बघा. एचएमटीचं जनता मॉडेल. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत बंगळूरला कारखाना निघाला, २०१६ मध्ये सरकारने बंद करायचं ठरवलं. कारखाना बंद झाला, तरी मला त्याचे भाग आजही मिळतात. सतरा ज्वेल (आतले बेअरिंगचे खडे), चावी द्यायची, सेकंदाला पाच ठोके. साडेचारशे रुपयांत सर्व्हिसिंग करून देतो. आठ लाखांचं घड्याळ घेणाऱ्याला मी सांगीन, दुकानात गेल्यावर किमतीआधी विचारा: दहा वर्षांनी हे नागपुरात कोण उघडेल?

ताई, तुम्हाला घड्याळ मुलीला द्यायचं आहे ना. मग हे विचाराच.

---

आठ_वर्षं_काउंटरवर | मंगळवार, दुपारी १:००

इतवारीकर बरोबर बोलतायत. सर्व्हिसला देताना फॉर्मवर "डायल, काटे, केस बदलू नये, पॉलिश करू नये, काढलेले भाग परत द्यावेत" असं स्वतःच्या हाताने लिहा. लिहिलं तर बरेच ठिकाणी ऐकतात. लिहिलं नाही तर सगळं चकचकीत करून पाठवतात आणि कडा गोल होऊन जातात.

---

सदर_कट्टा | मंगळवार, दुपारी १:२०

माझ्या वडिलांच्या लग्नात एचएमटी कांचनसाठी त्यांच्या सासऱ्याने चार महिने वाट पाहिली होती अन् वर जास्तीचे पैसे दिले होते, असं आजी सांगायची. तेव्हा माल खरंच नव्हता. पण कोणी म्हणालं नाही की आधी भिंतीवरचं घड्याळ घ्या.

---

भूलतज्ज्ञ_धंतोली | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:४०

मंडळी, काय झालं ते सांगते. कित्येकांनी निरोप पाठवून विचारलं.

वकीलसाहेबांनी सांगितलं तसं पत्र पाठवलं. तीन प्रश्न, बाकी काही नाही. सहाव्या दिवशी मॅनेजरचा फोन. मी म्हटलं मेलवर लिहा. नवव्या दिवशी मेल आली: "आपलं घड्याळ उपलब्ध झालं आहे, चालू किमतीला घेऊन जावं. इतर खरेदीची कोणतीही अट नव्हती आणि नाही."

दोन वर्षं तीन महिने न आलेलं घड्याळ नऊ दिवसांत आलं.

नवरा म्हणाला, घेऊन टाक, एवढी वाट पाहिलीस. एक पूर्ण रात्र मी विचार केला. डोळ्यांसमोर ते घड्याळ येतच होतं. मग ठरवलं, नाही. रोज पेशंटची नाडी मोजताना मला तो फोन आठवणार असेल, तर ते मनगटावर नको. पैसे परत मागितले. १ लाख आठ दिवसांत खात्यात आले. व्याज मागायला हवं होतं असं वकीलसाहेब म्हणाले. मला तो विषय संपवायचा होता.

मागच्या रविवारी इथे नागपुरातच एका दुकानात गेले. मोठं नाही, तीन-चार जपानी आणि स्विस ब्रँड ठेवतात. काउंटरवर एक मुलगी होती, पंचविशीची असेल. काय काम करता विचारलं. सांगितलं. मग तिने न विचारता चार काळ्या डायलची घड्याळं ट्रेमध्ये मांडली, दोन मिनिटं दिव्याखाली धरली, आणि आतल्या खोलीत नेऊन दिवा बंद केला. चारही डायल अंधारात हिरव्या-निळ्या उजळल्या. ती म्हणाली, "मॅडम, आता सेकंद काट्याकडे बघा. कुठल्याचा नीट दिसतो?" दोघांचा टोकाला ठिपका होता आणि तो फिरताना स्पष्ट दिसत होता. बाकी दोघांचा नुसता काटा, अंधारात गायब. त्या अंधारात उभी राहून मी नवऱ्याची नाडी मोजली. शहात्तर.

सेइकोचं डायव्हर घेतलं. ऑटोमॅटिक, दोनशे मीटर, लाखाच्या आत. इतवारीकर, तुमचा प्रश्न विचारला. तिने दुकानाच्या मालकांना बोलावलं, ते म्हणाले सर्व्हिसिंग इथेच होते, भाग मागवून मिळतात, आणि वॉरंटीनंतर तुम्हाला पाहिजे त्या कारागिराकडे उघडा.

---

मिहान_शिफ्ट | शनिवार, रात्री ९:०५

आरडीतल्या बाकीच्या पैशांचं काय करणार? सहज विचारतो.

---

भूलतज्ज्ञ_धंतोली | शनिवार, रात्री ९:१५

मुलगी मेयो हॉस्पिटलला इंटर्न आहे, पीजीची तयारी करते. तिच्या नावावर केले.

---

इतवारीकर | शनिवार, रात्री ९:३०

अभिनंदन ताई. पट्ट्याच्या लिंक काढल्या असतील ना? किती काढल्या? काढलेल्या परत घेतल्या का? लोक दुकानातच विसरतात, अन् नंतर मनगट भरलं की मिळत नाहीत.

---

भूलतज्ज्ञ_धंतोली | शनिवार, रात्री ९:४०

चार काढल्या, दोन इकडून दोन तिकडून, बकल मधोमध राहावं म्हणून. पिनांसकट छोट्या पाकिटात घालून वॉरंटी कार्डाला स्टेपल करून दिल्या. बाबांच्या टायटनच्या डबीत ठेवल्या आहेत.